धोटेकाका उजळणी घेतात

एकोणीस वर्षं मी भूगोल शिकवते आहे. एम. ए. आहे, तेही पहिल्या श्रेणीत, आणि रायपूरच्या ज्या सरकारी शाळेत मी व्याख्याता आहे तिथे माझा तास म्हटला की मुली बाकावर सरळ होऊन बसतात. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चांगलीच फजिती आहे. भूगोलाच्या परीक्षेची उजळणी कशी करायची, हे मला पन्नाशीला टेकल्यावर शिकवलं ते मालगाडीच्या एका रिटायर्ड गार्डनं. 'शिकवलं' हा शब्द त्यांना मुळीच आवडला नसता. पण ते इथे नाहीत, आणि लिहिते आहे मी.

चिंतामण धोटे. गुढियारीत आमच्या घराला लागून त्यांचं घर, गच्चीला गच्ची. बुटके, काटक, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरीत पांढरा गणवेश होता म्हणून रिटायर झाल्यावरही पांढराच शर्ट, तोही स्वतः इस्त्री केलेला. 'साडेपाचला येतो' असं ते कधी म्हणायचे नाहीत. 'पाच सत्तावीसला येतो' म्हणायचे, आणि यायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा भुसावळला, त्यामुळे घरात एकटेच. जन्म वर्ध्याकडचा आणि चाळीस वर्षं रायपुरात, म्हणून बोलणं वऱ्हाडी, त्यात हिंदी, आणि होकार द्यायचा तर छत्तीसगढी 'हव'. आता रेल्वेत गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी एकदा त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "मॅनेजरले पंखा असते मॅडम, कुलर असते. आमच्या डब्यात बसाले धड बाक नव्हता."

त्यांची एक सवय सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊक होती. ई-रिक्षात बसताना ते नेहमी उलट्या तोंडाच्या सीटवर बसायचे, समोरची अख्खी सीट रिकामी असली तरी. गोल बाजारात जाताना एकदा मी विचारलंच, "काका, तुम्हाला गरगरत नाही का हो?"

"चौतीस साल गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहिलो," ते म्हणाले. "पुढचं ड्रायव्हर पाहते. मी पाहिलं ते सगळं गेलेलं. गेलेलं स्टेशन, गेलेला पूल, गेलेली नदी. म्हणून ध्यानात राहिलं. पुढं पाहणाऱ्याले पुढचंच पडलेलं असते."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, म्हाताऱ्याची टकळी सुरू झाली. उजळणीचं सगळं शास्त्र त्या माणसानं मला रिक्षात बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं, पण ते कळायला मला अजून वर्ष लागायचं होतं.

आता मुद्द्याचं. माझा धाकटा भाऊ प्रकाश एका सरकारी कार्यालयात बाबू होता. बेचाळिसाव्या वर्षी टेबलावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि गेला. त्याच्यामागे त्याच्या बायकोला, शोभाला, अनुकंपेची नोकरी मिळणार होती. नियम असा, की बारावी पास असेल तर बाबूची जागा, नसेल तर शिपायाची. शोभा दहावीनंतर लग्न होऊन गोंदियाहून आलेली. तिनं ओपन स्कूलचा फॉर्म भरला, पदर खोचला, आणि चार विषय काढले. भूगोल तेवढा राहिला. पहिल्यांदा सव्वीस आले, दुसऱ्यांदा एकोणतीस. पास व्हायला तेहतीस लागतात. कार्यालयानं कळवलं, की आता पुढच्या निकालापर्यंतच थांबू; त्यानंतर शिपायाचा आदेश निघेल, त्याच कार्यालयात.

शोभा मला म्हणाली, "ताई, काम कोणतंही करीन, मले लाज नाही. पण ज्या लोकांसोबत हे बसत होते, त्यांच्या टेबलावर मी चहाचे कप ठेवायचे आणि त्यांनी मान खाली घालायची, हे रोजचं मले सहन नाही होणार." तिला एक मुलगी, रेणू, तेव्हा अकरा वर्षांची. तिचं पुढचं सगळं या एका पेपरावर अडलं होतं.

आणि दोन्ही वेळा तिला भूगोल शिकवला होता कोणी? मीच. प्रकाश गेल्यापासून मी आणि आई ब्राह्मणपाऱ्यातलं घर सोडून शोभाकडेच राहायला आलो होतो. मी तिला माझी स्वतःची वही दिली होती, एकशे बारा पानांची, दोन रंगांच्या पेनांनी लिहिलेली.

ती वही शोभानं अख्खी पाठ केली. सकाळी आंघोळ, देवपूजा, स्तोत्र, आणि त्याच आसनावर, त्याच सुरात, लगेच 'भारत की जलवायु मानसूनी है'. तिच्या माहेरी सगळं असंच पाठ करून घ्यायचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न थांबता. रेणूला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच देते. ती आजीला सांगायची, "दादी, मम्मी का भूगोल शुरू हो गया, अब चालीस मिनट कुछ मत माँगना." मी तर खूश होते. इतकं पाठांतर माझ्या एका विद्यार्थिनीचं नव्हतं.

पण पेपरात प्रश्न पाचव्या धड्यावर आला, की शोभा मनातल्या मनात पहिल्या धड्यापासून सुरू करायची. पाचव्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं. कुठे अडली की पुन्हा पहिल्यापासून. तीन तास असेच जायचे. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, कारण तिला वाटायचं पाठांतर असंच असतं. मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं तिला अक्कल जरा कमी आहे. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

दुसऱ्या निकालानंतर आठवड्याभरातली गोष्ट. शोभा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता वही म्हणत होती. पलीकडून धोटेकाका म्हणाले, "सूनबाई, रागावू नका, एक विचारू?"

"विचारा ना काका."

"वर्ष झालं ऐकून राहिलो. तुमची गाडी रोज पहिल्याच स्टेशनावरून काहून सुटते? मधातून नाही सुटत?"

शोभाला काही कळेना. मी तिथेच मिरच्या वाळत घालत होते. मलाही कळलं नाही.

"काली मिट्टी सांगा बरं," काका म्हणाले. "एकदम काली मिट्टी. मांगचं काही नको."

शोभानं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. 'भारत की जलवायु...' काकांनी हात वर केला. "नाही, नाही. एकदम." ती थांबली, पुन्हा ओठ हलले, पुन्हा थांबली. मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका, मले मधातून काहीच येत नाही."

"हव," काका म्हणाले. "मग बाकी काही बिघडलं नाही. एवढंच बिघडलं आहे."

त्या 'एवढंच'वर शोभा जी रडली, बाई गं, प्रकाश गेल्यानंतर इतकी मोकळी रडलेली मी तिला पाहिली नव्हती. काका तिचं रडणं संपेपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "काळ्या मातीत पावसाळ्यात कधी चालल्या?"

"मावशी यवतमाळची आहे. तिच्या वावरात गेली होती."

"चप्पल सुटते?"

"कुठची सुटते! तिथंच राहते रुतून."

"काहून?"

"ओल धरून ठेवते म्हणून."

"मग पाऊस गेल्यावर कापूस कशावर जगते?"

शोभानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याच ओलीवर." तिनं हे उत्तर वहीतलं दिलं नव्हतं. वहीत ते होतं, छत्तीसाव्या पानावर, हिरव्या शाईत. पण ते तिला आज पहिल्यांदा समजलं होतं.

परीक्षेला तीन महिने होते. काकांनी एकच अट घातली. गार्ड लोकांची एक टिनाची पेटी असते, ड्यूटीला जाताना सोबत नेतात. त्या पेटीत शोभाचं पुस्तक आणि माझी वही कुलुपात जाणार. दिवसातून एकदा पेटी उघडायची, तीही शोभानं त्या दिवसाचा धडा आधी न बघता सांगितल्यावर. काय राहिलं, काय चुकलं, तेवढं बघायचं आणि पेटी बंद. मी म्हटलं, हे बरं आहे, परीक्षा तोंडावर आणि पुस्तक कुलुपात! काका म्हणाले, "पुस्तक पाहून सगळ्यांलेच येते मॅडम. मलेही येते. परीक्षेत पुस्तक नसते, तर घरी नसल्याचीच सवय नको का?"

मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघरावर स्वारी केली. वॅगनवर कुठून-कुठं लिहिलेलं लेबल लावतात, तशी जाड पुठ्ठ्याची लेबलं त्यांनी कापली आणि सुतळीनं प्रत्येक डब्याला एकेक बांधलं. तांदळाच्या डब्यावर, 'धानाले उभं पाणी काहून लागते?' चहाच्या डब्यावर, 'चहा उतारावरच काहून?' साखरेच्या डब्यावर, 'कारखाना उसाच्या जवळच काहून?' नियम असा, की उत्तर दिल्याशिवाय डबा उघडायचा नाही. दर आठ दिवसांनी काका येऊन लेबलं उलटीपालटी करून जायचे, म्हणजे तांदळाच्या डब्यावर मानसून आणि हळदीच्या डब्यावर भिलाई. शोभाचा तो एका दमात म्हणण्याचा सूर या उलटापालटीनंच मोडला.

आईची मात्र पंचाईत झाली. चहाची तलफ आली आणि शोभा उत्तरात अडली की आई कावायची, "अगं पाणी मुळाशी साचू नये म्हणून उतार लागतो! सांगून मोकळी हो आणि आधण ठेव!" चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई, तिला महिन्याभरात निम्मा अभ्यासक्रम आला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती चहाबरोबर चहाचा भूगोलही द्यायला लागली.

काकांची एक डायरी होती. गाडी कुठे किती मिनिटं थांबली आणि का थांबली, हे गार्डला लिहावं लागतं. तशी त्यांनी शोभाला चुकांची डायरी लावून दिली. काय चुकलं हे एका ओळीत, आणि काहून चुकलं हे दुसऱ्या ओळीत. 'विसरली.' 'प्रश्न अर्धाच वाचला.' 'रबी आणि खरीपची अदलाबदल.' आणि एखादा धडा पक्का झाला की ते तो सोडून द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारायचे, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं, आणि तेही दुसऱ्याच कशाच्या मधात. "डब्याले सील लावलं म्हणजे झालं असं नाही," म्हणायचे. "पहिल्या थांब्यावर उतरून पाहायचं, मग दूरच्या, मग अजून दूरच्या. शाबूत असलं तर पुढं."

रविवारी ते शोभाला आणि रेणूला मालधक्क्याजवळच्या पादचारी पुलावर न्यायचे. एकदा मी पण गेले, खरं सांगायचं तर चूक काढायला. खालून कोळशाची गाडी नागपूरच्या दिशेनं चालली होती, आणि बाजूच्या रुळावरून तसेच उघडे डबे रिकामे परत येत होते. काकांनी विचारलं, "भरलेले पश्चिमेले, रिकामे पूर्वेले. काहून?" शोभा म्हणाली, "कोळसा इकडे, कोरब्याकडे. वीज लागते तिकडे." रेणू म्हणाली, "और फैक्ट्री भी उधर ज़्यादा है." दोघी हसत होत्या. मग काका माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही महानदी काढून दाखवा. न पाहता." आणि खिशातून खडू काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

मी पुलाच्या सिमेंटवर छत्तीसगढची बाह्यरेषा काढली, खाली उगमाचा, सिहावाचा, ठिपका दिला, आणि तिथून ऐटीत एक रेघ ओढली, सरळ पूर्वेला, ओडिशातून समुद्रापर्यंत. काका उकिडवे बसून बघत राहिले.

"राजिम कोणाच्या काठी हाय?"

"महानदीच्या." हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

"सिहावापासून राजिम कोण्या अंगाले?"

मी माझ्या रेघेकडे पाहिलं. राजिम उत्तरेला. महानदी आधी उत्तरेला येते, इथे आपल्या शेजारून जाते, आणि मग कुठे पूर्वेला वळते. दर वर्षी मी राजिमच्या मेळ्याला जाते! एकोणीस वर्षं भिंतीवर नकाशा टांगून छडीनं ती नदी मी मुलींना दाखवत होते, आणि एकदाही नकाशा उतरवून स्वतः काढून पाहिली नव्हती. रेणूनं तर सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बुआ को महानदी नहीं आती!" मी खडू परत दिला आणि रागारागानं पुलाच्या पायऱ्या उतरले.

तो राग कुठेतरी निघायचाच होता. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मी बाजारातून महत्त्वाच्या प्रश्नांचा एक संच आणला, चाळीस प्रश्न, तयार उत्तरांसकट, आणि शोभाला म्हटलं, बस झाले खेळ, आता हे पाठ कर. ती म्हणाली, "ताई, आज नद्यांची पाळी आहे. काकांनी सांगितलं, आता नवीन काही घ्यायचं नाही." झालं, मी तरातरा गच्चीवर गेले. काका पेटी उघडीच ठेवून बसले होते.

"काका, हा माझ्या भावाच्या संसाराचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "तुम्ही गार्ड होता, मास्तर नव्हता."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं काय बोलले ते. पण मागे घेईन तर मी कसली!

काकांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "हव. मास्तर नाही मी. मले शिकवता येतच नाही. शिकवलं ते तुम्ही, मॅडम. माल सगळा तुमच्याच वहीतला हाय. मी नुसतं विचारतो." त्यांनी पेटीची चाबी माझ्या हातावर ठेवली. "तुमच्या त्या पुस्तकातले कोणतेही दहा प्रश्न सूनबाईले विचारा. कुठूनही. निम्मे नाही आले तर तुमचं खरं."

मी खाली आले. शोभा कणीक मळत होती. मी पुस्तक कुठेही उघडून विचारत सुटले, आणि ती कणकेतून हात न काढता उत्तरं देत गेली. लोखंड-पोलादाचा कारखाना भिलाईलाच का, याची चार कारणं. राजस्थानात पाऊस का नाही. बंगालमध्ये ताग का. नऊ प्रश्न धडाधड. दहाव्याला थांबली आणि म्हणाली, "हे नाही येणार मले. लॅटेराइट आणि लाल मातीत माझा गोंधळ होतो. तीनदा आलं आहे डायरीत. उद्या तेच घेणार आहे."

मी पुस्तक मिटलं. मला येत नाही असं सांगणाऱ्या मुली मी रोज बघते. नेमकं काय येत नाही आणि कशामुळे, हे इतक्या शांतपणे सांगणारी मी पहिल्यांदा बघत होते. त्या संध्याकाळी मी गोळाभात केला आणि डबा आणि चाबी दोन्ही घेऊन काकांकडे गेले. माफी मागायची मला तेवढीच पद्धत ठाऊक आहे. काकांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय." आमचं भांडण तिथे मिटलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी शोभाला फक्त एक कोरा कागद दिला. त्यावर भारत काढायचा, नद्या काढायच्या, चुकांची डायरी एकदा वाचायची, आणि संध्याकाळी रेणूला घेऊन तळ्यावर फिरायला जायचं. पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते, एका पायावर. तीन तासांनी शोभा बाहेर आली तशी मी धावलेच, कोणते प्रश्न आले, नकाशात काय विचारलं! ती म्हणाली, "ताई, मी सातव्या प्रश्नापासून सुरू केलं." एवढंच बोलली आणि हसली.

निकाल रेणूनं मोबाइलवर पाहिला. "अड़सठ! मम्मी, भूगोल में अड़सठ!" आईनं देवापुढे साखर ठेवली, आणि पहिल्यांदाच कोणी साखरेच्या डब्यावरचा प्रश्न विचारला नाही. शोभा धावत गच्चीवर गेली. काका म्हणाले, "अडुसष्ट बरे हायेत. बाकीचे बत्तीस कुठं गेले ते लिहा डायरीत." मग ते नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

महिन्याभरानं आदेश आला. बाबूची जागा, पण जगदलपूरला. तीनशे किलोमीटर दूर, बस्तरात. आईनं तर हायच खाल्ली. "बाईमाणूस, पोरीला घेऊन एकटी तिकडे? त्यापेक्षा इथली शिपायाची घे. घरापासून दहा मिनिटांवर आहे." मलाही आईसारखंच वाटत होतं. शोभा पोळ्या लाटत होती. तिनं परातीतलं कोरडं पीठ हातानं सपाट केलं आणि त्यावर बोटानं रेघ काढली. "आई, हे पाहा. हे आपण. ही धमतरी, हे कांकेर. इथं घाट चढला की पठार लागते. ही इंद्रावती, हिच्या काठी जगदलपूर. महानदी पूर्वेले जाते, ही पश्चिमेले जाऊन गोदावरीत पडते. सकाळच्या बसनं निघाली तर दुपारी जेवायच्या वेळेले पोचते मी. इतकंच आहे हे." आई पिठाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "थंडी असेल तिकडे. रजई ने." मला त्या क्षणी शोभाचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच तिला पोळी करपते आहे म्हणून रागावले.

निघायच्या दिवशी सकाळी पाच अडतीसला काका बसस्टँडवर हजर, पांढऱ्या शर्टात. मला वाटलं आता हे खिडकीतून काहीतरी विचारणार. त्यांनी काहीच विचारलं नाही. बसच्या पाटीवरची गावांची नावं ते एकेक करून वाचत होते. "या रस्त्यानं मी कधी गेलो नाही सूनबाई," ते म्हणाले. "माझी ड्यूटी इकडे नागपूर, तिकडे बिलासपूर. धमतरीच्या पुढं देश कसा हाय, मले ठाऊक नाही." शोभा त्यांच्या पाया पडली. रेणू पण पडली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक मराठीत म्हणाली, "येते, काका." बस सुटली.

पुढे दोनेक महिन्यांत काकांचे गुडघे अगदीच धरले. मुलगा त्यांना भुसावळला घेऊन जायचं म्हणून आला. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवसाची तिकिटं होती. मी शाळेतून आले तेव्हा त्यांचं दार उघडं होतं, म्हणून डोकावले. खोली रिकामी. काका भिंतीला टेकून, पाय पसरून फरशीवर बसले होते. मोबाइल बाजूला ठेवलेला आणि त्यातून शोभाचा आवाज येत होता, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीतला. हातात खडू, आणि फरशीवर आमच्या गुढियारीपासून दाराकडे निघालेली एक लांब रेघ. मी आले हे त्यांना कळलंच नाही.

"कांकेर झालं," काका म्हणाले. "आता पुढं?"

"आता केशकालचा घाट लागते काका. बारा वळणं हायेत. पहिलं डाव्या हाताले, लगेच उजव्या, वर सगळं सालाचं जंगल, मग..." शोभा भराभर सांगत सुटली होती. काकांचा खडू मागे पडला. त्यांनी फोनवर वाकून हात वर केला, जणू ती समोरच बसली होती.

"थांबा सूनबाई, हळू सांगा. मी पहिल्यांदाच येऊन राहिलो इकडं."